पुलावर कोण उभं राहणार?

आनंदनगर तांड्यात किती माणसं अडकली आहेत, हा प्रश्न २२ जुलै २०२३ या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला पडला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातला हा तांडा पुराने वेढला गेला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ४५ जण अडकल्याचं आणि हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरं तिकडे निघाल्याचं जाहीर केलं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने माणसं बाहेर काढली तेव्हा सुटका झालेल्यांची संख्या शंभरावर गेली होती. सगळे सुखरूप निघाले आणि बातमी तिथेच संपली.

ती तिथे संपायला नको होती. आधी जाहीर झालेला आकडा आणि प्रत्यक्ष बाहेर आलेली माणसं यांत दुपटीहून जास्त फरक पडतो, तेव्हा मोजणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. त्या सकाळी तांड्यात कोण होतं, कोण शेतावर गेलं होतं, कोणाकडे पाहुणे आले होते, कोणती बाई दिवसांत होती, कोणता म्हातारा खाटेवरून उठू शकत नव्हता, हे सांगणारा शासनाचा माणूस पाण्याच्या आतल्या बाजूला असावा लागतो. तहसील कार्यालयाच्या खिडकीतून ते दिसत नाही. असा माणूस कोण, त्याची जागा भरलेली आहे का, त्याच्या पाठीशी पोलीस ठाण्यात किती मनुष्यबळ आहे, आणि हे सगळं विचारण्याची सोय गावाला उरली आहे का? महागावच्या पुराचा आढावा घ्यायचा तर पावसाच्या मिलिमीटरपेक्षा आधी इथून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे पोलीस आणि पूर हे दोन विषय वेगवेगळ्या खोल्यांत चर्चेला येतात. ठाण्यात माणसं कमी आहेत, चोऱ्या वाढल्या, रात्रीची गस्त येत नाही, ही तक्रार ठाणेदाराकडे. नाल्याचं पाणी वस्तीत शिरतं, रपटा बुडतो, हे गाऱ्हाणं तहसीलदाराकडे. दोन्ही अर्जांवर आवक क्रमांक पडतो आणि ते आपापल्या फायलीत जाऊन बसतात. प्रत्यक्षात पुराच्या पहिल्या सहा तासांत तालुक्याची जी काही आपत्ती यंत्रणा असते ती बहुतांश खाकीतच असते, किंवा खाकीशी बांधलेली असते. म्हणून ग्रामीण पोलिसांची कमतरता हा पूरनियोजनाचाच प्रश्न आहे, असं माझं मत आहे. आणि तो तसा मांडला गेला नाही तर दोन्ही अर्ज फायलीतच राहतील.

आधी पाणी येतं कुठून ते पाहू. महागाव तालुक्याचा भूगोल दोन नद्यांनी आखलेला आहे. पूस नदी वाशिमकडून येते, पुसद ओलांडते, महागाव तालुक्यातून वाहते आणि हिवरा संगमजवळ पैनगंगेला मिळते. पैनगंगा म्हणजे विदर्भ आणि मराठवाडा यांच्यातली सीमा. पूस नदीवर वर पुसदजवळ एक धरण आणि खाली महागावजवळ निम्न पूस प्रकल्प, ज्याला लोक वेणीचं धरण म्हणतात. पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूर. आता यातली गंमत अशी की इसापूरच्या पाण्याचा कारभार ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या नांदेडच्या कार्यालयातून चालतो. दरवाजे उघडायचे तर सूचना नांदेडकडून यवतमाळच्या जिल्हा प्रशासनाला, तिथून तहसीलला, तहसीलमधून तलाठ्याला आणि कोतवालाला, आणि मग काठच्या गावात दवंडी किंवा मोबाइलवरचा निरोप. साखळी कागदावर नीट आहे. ती नदीच्या वेगाशी शर्यत लावते, आणि तिच्या शेवटच्या कडीला जो माणूस आहे त्याला महिन्याचं मानधन मिळतं, रात्रपाळीचा भत्ता नाही.

पण महागावचं खरं दुखणं मोठ्या नद्यांपेक्षा नाल्यांचं आहे. पैनगंगा फुगते तेव्हा सांगून फुगते. नाला सांगत नाही. टेकड्यांवर दोन-तीन तासांत पाऊस कोसळला की खालच्या वस्तीत पाणी येतं, नदीला पूर येण्याआधी येतं, आणि बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे येतं. शासनाच्या लेखी एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. हा निकष पीकनुकसानीच्या पंचनाम्याला उपयोगी. पण तोच पाऊस चोवीस तासांत पडला की तीन तासांत, हे तांड्यातल्या माणसाच्या जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं, आणि ते त्या आकड्यात दिसत नाही.

तांडे नेमके अशा जागी का वसले, याचंही उत्तर साधं आहे. महागाव, पुसद, उमरखेड, दिग्रस हा बंजारा समाजाचा मोठा पट्टा. पुसदजवळच्या गहुलीने राज्याला वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री दिला. मात्र तांडा मुळात बैलांच्या मुक्कामाची जागा: पाणी जवळ, चराई जवळ, गावठाणापासून फटकून. वस्ती स्थिरावली तरी जागा तीच राहिली. जलसंपदा विभागाच्या भाषेत निळी पूररेषा आणि लाल पूररेषा असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. कोल्हापूर-सांगलीत २०१९ च्या महापुरानंतर या रेषांवरून रणं माजली, नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पण पूररेषा आपल्याकडे बांधकाम परवानगीच्या वेळी ओळखली जाते. जिथे परवानगी मागायला कोणी जातच नाही, त्या तांड्याच्या वाट्याला ना निळी रेषा येते ना लाल.

आता कागद. दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तालुक्याच्या आराखड्यात नदीकाठच्या गावांची यादी असते, संपर्क क्रमांक असतात, तात्पुरत्या निवाऱ्यासाठी शाळा आणि समाजमंदिरांची नावं असतात, जेसीबीवाल्यांचे आणि ट्रॅक्टरमालकांचे फोन असतात, आणि एक रकाना असतो पट्टीच्या पोहणाऱ्यांचा. हा रकाना मला फार बोलका वाटतो. गावातली जी चार-पाच पोरं विहिरीत, धरणात बिनधास्त उड्या मारतात त्यांची नावं त्यात असतात. साहित्यात दोर, ट्यूब, टॉर्च, लाइफ जॅकेट. वर्षांनुवर्षं तीच यादी पुढे सरकते, आणि त्यातलं एखादं पोहणारं पोरगं ऊसतोडीला नाहीतर पुण्याला कंपनीत गेलेलं असतं. आराखडा खोटा नसतो, शिळा असतो. तो ताजा ठेवायचा तर महिन्यातून एकदा कोणीतरी गावात जाऊन हे फोन लागतात का ते पाहायला हवं. तलाठ्याकडे अनेक गावांचा सजा, ग्रामसेवकाकडे एकाहून अधिक ग्रामपंचायती, कृषी सहायकाचं तेच. शासनाने २०२४ मध्ये तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी केलं. सज्याचा आकार तेवढाच राहिला.

राहता राहिला पोलीस. पुरात पोलिसाचं काम काय? बोट चालवणं नव्हे. त्याचं पहिलं काम पुलावर उभं राहणं.

२८ सप्टेंबर २०२१ ची सकाळ आठवा. गुलाब चक्रीवादळाच्या शेपटाने विदर्भ-मराठवाड्यात पावसाने धुमाकूळ घातला होता. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर आली. पुलावरून पाणी वाहत होतं. बस पाण्यात घातली गेली आणि वाहून गेली, माणसं दगावली. चित्रफीत राज्यभर फिरली, चालकावर चर्चा झाली. उमरखेड म्हणजे महागावचा शेजारी तालुका, विधानसभेचा मतदारसंघही एकच. त्या चित्रफितीत जे दिसत नाही ते मला महत्त्वाचं वाटतं: पुलाच्या तोंडाशी आडवा दोर, एक बॅरिकेड आणि शिट्टी फुंकणारा शिपाई. काठावरच्या माणसाने हात हलवला तर चालक ऐकेल की नाही हा नशिबाचा भाग आहे. खाकीने हात आडवा केला तर बस थांबते. एवढ्यासाठीच तिथे पोलीस लागतो, बाकी कशासाठी नाही.

आता हिशोब करून पाहा. शंभरेक गावांचा तालुका, नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग मधून गेलेला, आडवे जाणारे रपटे आणि कमी उंचीचे पूल जागोजागी. एका रात्री पाऊस लागला तर एकाच वेळी कित्येक ठिकाणी माणूस उभा करावा लागतो. ठाण्यातल्या शिपायांतून कोर्टाच्या कामाला गेलेले, समन्स बजावायला गेलेले, साप्ताहिक सुटीवरचे, आजारी आणि मुख्यालयात बोलावलेले वजा करा. त्यात जून ते सप्टेंबर हे जसे पुराचे महिने, तसेच ते बंदोबस्ताचे. पोळा, पोळ्याचा पाडवा, गणपती, ईद, मग दुर्गादेवी. मोहरम कधी कधी यातच येतो. पुसद आणि उमरखेड ही पोलिसांच्या यादीत संवेदनशील शहरं. मिरवणुकीच्या दिवशी महागावचं मनुष्यबळ तिकडे ओढलं जातं, आणि त्याच आठवड्यात पैनगंगेच्या पाणलोटात पाऊस असतो. याला कोणी कपात म्हणत नाही. म्हणायला हवं.

कपातीचा आपला प्रकार परदेशापेक्षा वेगळा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २०१० नंतर काटकसरीच्या धोरणाने सुमारे वीस हजार पोलीस कमी झाले. सरकारने ते ठरवून केलं, संसदेत त्यावर वाद झाले, आणि नंतर तेवढीच भरती करून मार्च २०२३ पर्यंत आकडा भरून काढल्याचं सांगण्यात आलं. तिथली खेड्यातली पॅरिश कौन्सिल घरपट्टीत आपला छोटा अधिभार लावू शकते, आणि काहींनी त्यातून गस्तीच्या सहायक पोलिसाचा खर्चही उचलला. २००७ च्या उन्हाळी पुरानंतर आलेल्या पिट अहवालाने स्थानिक संस्थांवर पूरनियोजनाची जबाबदारी टाकावी असं सांगितलं, आणि २०१० मध्ये तसा कायदा झाला. तिथेही सगळं आलबेल नाही. पण कपात कोणी केली आणि जाब कोणाला विचारायचा, हे तिथल्या गावाला माहीत असतं.

आपल्याकडे कपातीचा हुकूम निघत नाही. जागा रिकामी होते आणि रिकामी राहते. देशात दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस दोनशेच्या जरा आत आहेत आणि प्रत्यक्षात दीडशेच्या आसपास. हा फरक म्हणजेच आपली न बोलता झालेली कपात. महाराष्ट्रात तर मंजूर संख्याच कित्येक दशकं १९६० च्या आकृतिबंधावर चालत होती, असं खुद्द गृहमंत्रिपद सांभाळणाऱ्यांनी सांगितलं आहे. नवा आकृतिबंध २०२३ मध्ये आला. भरती होत नाही असंही नाही. १८ हजार ३३१ जागांची एक, २०२४ मध्ये १७ हजार ४७१ जागांची दुसरी, २०२५ मध्ये १५ हजार ६३१ जागांना मान्यता. मैदानं पोरांनी भरून जातात. महागाव-पुसदच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरं याच आशेवर धावतात. पण भरती ही जिल्ह्याला आणि आयुक्तालयाला होते, आणि नवा शिपाई ठाण्यापर्यंत पोचेतो मुख्यालय, नियंत्रण कक्ष, दंगल नियंत्रण पथक, शहर वाहतूक असे टोलनाके लागतात. तालुक्याच्या बीट जमादाराच्या मोटरसायकलीवर मागे बसायला माणूस मिळतो तो शेवटी.

सप्टेंबर २०२१ पासून डायल ११२ आलं. फोन नवी मुंबईतल्या महापे केंद्रात किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात वाजतो, तिथून जिल्ह्याच्या गाडीला जातो. भांडणाला, अपघाताला ही सोय चांगली आहे, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. पुराला मात्र ती गाडी रपट्याच्या अलीकडेच थांबते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या दोन कंपन्या २०१६ पासून आहेत, एक धुळ्याला आणि एक नागपूरला. नागपूर ते महागाव दोनशेहून अधिक किलोमीटर. आनंदनगरला ही मंडळी आली आणि त्यांनी काम चोख केलं. ती येईपर्यंतचे तास कोणाच्या भरवशावर?

  

तर त्या तासांचा भरवसा म्हणजे पोलीस पाटील. या पदाविषयी शहरातल्या वाचकाच्या मनात फेटेवाला, मिशीवाला, वंशपरंपरेचा पाटील असतो. तो पाटील केव्हाच गेला. वतनदारी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील आला. त्याची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतात, लेखी परीक्षा होते, दहावी पास असावं लागतं, वय पंचवीस ते पंचेचाळीस, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. आरक्षणाने आज महिला पोलीस पाटीलही आहेत. कायद्याने त्याने गावातल्या गुन्ह्यांची, सार्वजनिक आरोग्याची आणि एकूण हालहवालाची खबर दंडाधिकाऱ्याला देत राहायची आणि पोलिसांना लागेल ती मदत करायची. बारकाईने पाहा: कायद्याने गावात राहणारा, महसूल आणि पोलीस या दोघांशी एकाच वेळी बांधलेला, प्रत्येक घर ओळखणारा दुसरा कोणी नाही. पुरासाठी माणूस नव्याने घडवायचा म्हटलं असतं तरी तो याच्यासारखाच झाला असता.

राज्यात या पदांची संख्या ३८ हजारांच्या वर आहे. मानधन कित्येक वर्षं तीन हजार होतं, २०१९ मध्ये साडेसहा हजार झालं, आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते पंधरा हजार केलं. वाढ मोठी आहे आणि निवडणुकीच्या तोंडावर झाली म्हणून वाईट ठरत नाही. होमगार्डचा दिवसाचा भत्ताही त्याच वर्षी ५७० वरून १ हजार ८३ रुपये झाला. पैशाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. जागांचा सुटला नाही. एखाद्या गावचा पोलीस पाटील साठीला पोचून निवृत्त झाला की शेजारच्या गावच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार जातो. आरक्षणाची सोडत, परीक्षा, हरकती, कधी न्यायालय, यांत वर्षं निघून जातात. कोरड्या दिवसांत हे चालून जातं. पुराच्या रात्री शेजारचा पोलीस पाटील नाल्याच्या पलीकडे असतो.

तांड्याची अडचण याहून वेगळी. पद असतं महसुली गावाला. एका महसुली गावाला तीन-चार तांडे लागून असले तर पोलीस पाटील मूळ गावात, आणि तांड्यात नायक आणि कारभारी. नायकाचा शब्द तांड्यात चालतो, पोलीस पाटलाचा चालेलच असं नाही. पण शासनाच्या आराखड्यात नायकाचा फोन नंबर टाकायला रकाना नसतो. तांड्यांना स्वतंत्र महसुली दर्जा आणि स्वतंत्र ग्रामपंचायत द्यावी ही मागणी जुनी आहे, ती निवडणुकीच्या भाषणांत नेहमी ऐकू येते. पूरनियोजनापुरती तिची वाट पाहायची गरज नाही. नायकाचं नाव यादीत घालायला मंत्रिमंडळ बैठक लागत नाही.

पोलीस पाटलाचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. गावोगावी या पदाला राजकारणाची लागण झालेली आहे. कुठे तो सरपंचाचा विरोधक, कुठे ठाण्याचा कायमचा पंच, कुठे अवैध दारूकडे डोळेझाक करणारा. ज्याच्यावर गावाचा विश्वास नाही त्याने मध्यरात्री घर सोडा म्हटलं तर कोण सोडणार? बैलं, शेळ्या, पेटीतला ऐवज, कालच भरलेली खताची पोती टाकून निघायचं म्हणजे सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन हवं. हे वजन रोजच्या पोलिसकामातून येतं, पुराच्या दिवशी उसनं आणता येत नाही.

तसं वजन गावानेच तयार करण्याचा एक प्रयोग आपण करून पाहिला होता. १५ ऑगस्ट २००७ पासून तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती, तिचा अध्यक्ष, ठाण्याच्या नोंदवहीत तंट्यांची यादी, मिटवलेल्या तंट्यांवर बक्षीस. बक्षिसासाठी खोटे तंटे मिटवले गेले, काही ठिकाणी दलित-स्त्रियांच्या तक्रारी दाबल्या गेल्या, ही टीका रास्त होती. पण ग्रामसभा आणि पोलीस ठाणं एका टेबलावर बसण्याची सवय त्या काही वर्षांत लागली होती. पुरस्कार थंडावले, मोहीम मंदावली, समित्या फलकावर राहिल्या. या समित्यांना पावसाळ्याचं काम जोडण्याचा विचार तेव्हा कुणी गंभीरपणे केला असता तर आज तयार माणसं हाताशी असती.

आता हा सगळा जाब विचारणाऱ्याकडे वळू. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चं कलम २५ काढून वाचलं तर एक गोष्ट ठळक दिसते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक पदसिद्ध सदस्य, आणि सहअध्यक्ष म्हणजे स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. म्हणजे गावाने निवडलेला माणूस आणि जिल्ह्याचा पोलीसप्रमुख एकाच टेबलावर पुराविषयी बोलतील, अशी रचना कायद्यातच आहे. रपट्यांवर किती शिपाई, पोलीस पाटलांच्या किती जागा रिकाम्या, हे विचारायची नेमकी जागा ती.

पण यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि २०२५ संपलं तरी निवडणूक झाली नव्हती. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात, मग मे २०२५ चा आदेश, मग मुदतवाढ. पंचायत समित्यांचं तेच. एवढ्या काळात जिल्ह्याने २०२२ चा पूर पाहिला, आनंदनगर पाहिलं, २०२४ च्या सप्टेंबरचा आणि २०२५ च्या ऑगस्टचा पाऊस पाहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सीमेपलीकडे नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात हसनाळ रात्रीत पाण्याखाली गेलं, लष्कर बोलवावं लागलं. या प्रत्येक वेळी प्रशासकाच्या सहीने काम चाललं आणि सहअध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. प्रशासक वाईट काम करतो असं म्हणायचं नाही. प्रशासक स्वतःला प्रश्न विचारत नाही, एवढंच. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणं आणली. महागावची नगरपंचायत त्या व्याख्येत येत नाही, तांडे तर नाहीतच.

ग्रामपंचायती मात्र सगळा काळ कमी-अधिक जिवंत होत्या, म्हणून प्रश्न त्यांच्याकडेच येतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत गावाची आणि पिकांची राखण हे काम पंचायतीचं म्हणून लिहिलेलं आहे. पैसा? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित. त्या अबंधितातून पथदिवे, रस्ते आणि अंगणवाडीची दुरुस्ती झाली की दोर-जॅकेटला काय उरायचं, हे प्रत्येक सरपंच सांगू शकेल. तरी दोर, मेगाफोन, सौरदिवा, वीस लाइफ जॅकेट यांना फार मोठी रक्कम लागत नाही. अडचण वस्तू आणण्याची नाही, ती वापरताना हुकूम कोणाचा चालेल याची आहे.

सांगली जिल्ह्यातलं ब्रह्मनाळ इथे आठवतंच. ८ ऑगस्ट २०१९. ग्रामपंचायतीने स्वतःची बोट ठेवलेली होती, म्हणजे तयारीच्या बाबतीत हे गाव कित्येकांच्या पुढे होतं. पाणी चढत गेलं, लोक घाबरले, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली, बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्या दिवशी कमी पडला तो काठावर उभा राहून ‘आता बस, पुढच्या फेरीला’ असं म्हणणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा माणूस. गर्दी आवरणं हे पोलिसाचंच काम आहे, मग ती मिरवणुकीतली असो की बोटीतली. ग्रामपंचायतींनी बोटी घ्याव्यात अशी सूचना दरवर्षी कोणीतरी करतो. घ्याव्यात, पण आधी ब्रह्मनाळ वाचून.

पोलिसांचा आणि पुराचा आणखी एक संबंध आहे, तो पावसाळ्याआधीचा. पूस आणि पैनगंगेची वाळू. पात्र कुठे किती खोल खणलं, काठ कुठे पोखरला, यावर पुराचं पाणी कुठे वळेल हे ठरतं. वाळूघाटांवर कारवाई करायची महसूल विभागाने, सोबतीला पोलीस मागायचे, आणि ठाण्यात माणूस नसला की पथकाने एकट्याने जायचं. जानेवारी २०२१ मध्ये उमरखेडच्या नायब तहसीलदारावर वाळूतस्करांनी चाकूहल्ला केला. त्यानंतर रात्री घाटावर जायला कोणता तलाठी तयार होईल? हिवाळ्यात गस्त नसली की पावसाळ्यात नदी जागा बदलते, असं नदीकाठचे शेतकरी सरळ सांगतात.

पूर ओसरल्यानंतरची यंत्रणा आपली मजबूत आहे, हे मान्य केलं पाहिजे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांचे संयुक्त पंचनामे, खरडून गेलेल्या जमिनीची वेगळी नोंद, याद्या, ई-केवायसी, खात्यावर रक्कम. त्यातले घोळ सगळ्यांना माहीत आहेत, तरी ती गोष्ट चालते, कारण तिच्यासाठी पैसा येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. या आकड्यासमोर पोलीस पाटलांच्या रिकाम्या जागा भरण्याचा किंवा पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक ठाण्याला ठरावीक होमगार्ड देण्याचा खर्च नगण्य आहे. तो होत नाही कारण तो कुठल्याच पंचनाम्यात बसत नाही.

महागावपुरतं बोलायचं तर मागणी छोटी आणि नेमकी असू शकते. तालुक्याच्या आराखड्यात पोहणाऱ्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: बुडणारे रपटे आणि पूल, आणि प्रत्येकासमोर दोन नावं, एक पोलिसाचं किंवा होमगार्डचं, एक गावातलं. तांड्यांसमोर नायकाचा फोन आणि घरटी माणसांची यादी, जी ऊसतोडीला गेलेली मंडळी परतली की मे महिन्यात दुरुस्त होईल. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला महागावची माणसं मागवताना त्या दिवसाचा हवामान खात्याचा इशारा पाहिला जावा. पोलीस पाटलाची जागा रिकामी झाली तर पावसाळ्यापुरता गावातलाच माणूस तात्पुरता नेमला जावा. ग्रामसभांनी हे ठराव करून ठाण्याला, तहसीलला आणि नव्या जिल्हा परिषदेच्या पहिल्या अध्यक्षाला पाठवावेत, म्हणजे कलम २५ च्या खुर्चीत बसणाऱ्याच्या हातात पहिल्याच बैठकीला गावनिहाय कागद असेल. यासाठी नवा कायदा लागत नाही. ठाणेदार, तहसीलदार आणि सरपंच यांची एक संयुक्त बैठक लागते, पेरणीच्या आधी, आणि तिचं इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेलं.